घोंगडं विकलेलं नाही

आजऱ्याहून निघायचं ठरलं होतं तीनला.
दस्तगीरमामा म्हणाला, पाचला.
गारठा तीनला तेवढाच आणि पाचलाही तेवढाच,
पण पाचला निघालं की कागलपुढं ऊन तरी भेटतं.

आधी त्यानं पिकअपच्या हौद्यात वाळू पसरली,
वाळूवर उसाचं पाचट, गुडघाभर,
मग चपला काढून स्वतःच आत चढला
आणि पाय आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.
"आपला घसरला तर तिचा घसरणारच.
तुला दोन हायत, तिला चार. मोडायला जास्त."

हौसाक्का गोठ्याच्या दारात.
गुडघ्यांनी दगा दिला, धारेला बसवेना,
म्हणून म्हैस विकलेली.
तरी शेवटची धार तिनंच काढली, उभ्यानं, वाकून,
आणि सड कोरड्या फडक्यानं पुसले एकेक,
न्हालेल्या पोराचे कान पुसावेत तसे.
"ओलं ऱ्हायलं की वाऱ्यानं चिरतंय," म्हणाली.
कुणाला, ते कळलं नाही.

मग अंगावरचं घोंगडं काढून म्हशीवर टाकलं,
पोटाखालून सुतळीनं बांधलं, सैलसर.
"म्हैस विकलीय. घोंगडं विकलेलं न्हाई.
उद्या परत पायजे."

मी ताडपत्री सगळीकडून आवळली.
मामानं सोडली.
पुढून बंद, मागं वरच्या अंगाला हातभर फट.
"तिच्याच वाफंचं पाणी वरनं तिच्यावर ठिबकंल.
भिजली की संपलं.
वारं अडीव लेका. दम अडवू नको."

उत्तूर गेलं. निपाणी गेली, तंबाखूच्या वासासकट.
कोगनोळीला हवालदारानं बॅटरी मारली,
डॉक्टरचा दाखला बघितला, शिक्का बघितला,
मग घोंगडं.
"हे कुणाचं?"
"म्हशीचंच समजा," मामा म्हणाला.
हवालदारानं कागद परत दिला
आणि स्वतःच्या मफलरची गाठ घट्ट केली.

दूधगंगेच्या पुलाआधी धुकं असं
की बॉनेट कुठं संपतं ते दिसेना.
मामानं ब्रेक दाबला नाही, नुसता पाय उचलला,
गाडी आपली आपण, दमत दमत, कडेला थांबली.
"जा. कान धर तिचं."

रेडकू पाचटात रुतून झोपलेलं.
अंधारात म्हशीचे कान चाचपले,
बुडाशी ऊब, टोकं गार.
किती गार म्हणजे गार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी धरूनच राहिलो.
थोड्या वेळानं बोटांना मुंग्या आल्या
तेव्हा कळलं, गरम माझेच हात होतायत.
फोन वाजला. हौसाक्का.
कुठं आहात नाही, पोचला का नाही.
"कान कसं हायत?"

गंगावेशीत फळी लावली तेव्हा आठ वाजलेले.
तिनं पुढचा पाय फळीवर ठेवला, उचलला,
ठेवला, उचलला.
कुणीतरी शेपटीला हात घालायला गेलं,
मामानं मनगट धरलं त्याचं.
रेडकू आधी उतरवलं आणि बिडी पेटवून उभा राहिला.
बिडी अर्धी व्हायच्या आत ती उतरली.
शिवलिंगअण्णांनी कोमट पाणी ठेवलं होतं, गुळाचा खडा टाकून.
एका दमात बादली.

परतीचं भाडं मिळेस्तोवर संध्याकाळ झाली.
घोंगडं न्यायला गेलो तर अण्णा धारेला बसलेले,
कपाळाला आठ्या.
घोंगडं काढलं होतं, तिनं पान्हा चोरला होता.
परत टाकलं.
बादलीत आवाज सुरू झाला.

मी बाहेर येऊन फोन लावला,
झालं ते सांगितलं.
पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज, पाटी असेल.
"मग आणलं न्हाईस?"
"न्हाई."
"थंडी हाय व्हय तिथं?"
हाय, म्हणालो.
तेवढी नव्हती.